थेंबभर रक्त आणि पाच वर्षांचा करार

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात तुमचं मेडिकल दुकान आहे. आपली सॉफ्टवेअर कंपनी विकून शेकडो कोटी मिळवलेल्या एका उद्योजकाने आता आरोग्यात उडी घेतली आहे आणि त्याच्या नव्या कंपनीला तुमच्या दुकानात एक यंत्र बसवायचं आहे. बोटातून थेंबभर रक्त, त्यात साठच्या वर तपासण्या, रिपोर्ट मोबाइलवर आणि समोरच्या स्क्रीनवर एआयचा सल्ला. तुम्ही अनामत भरायची आणि पाच वर्षांचा करार करायचा. गावातले डॉक्टर यावर नाक मुरडतायत. ही त्यांची पोटदुखी की त्यात काही तथ्य आहे, आणि सही करावी का, असं तुम्ही विचारलंत.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. सत्तावीस वर्षं सोलापुरात स्वतःची लॅब चालवते. पोटदुखीचं आधी सांगते: ती आहे. असं यंत्र प्रत्येक मेडिकलमध्ये बसलं आणि नीट चाललं, तर माझ्याकडे येणारे निम्मे पेशंट कमी होतील. माझं म्हणणं ऐकताना ही गोष्ट वजा करूनच ऐका. वजा केल्यावर जे उरतं ते मला कळकळीने सांगायचं आहे, कारण तुमच्या दुकानात येणारी माणसं आणि माझ्या लॅबमध्ये येणारी माणसं एकच आहेत.

तुम्ही दुकानदार आहात, म्हणून दुकानदारीतलंच उदाहरण देते. चाटी गल्लीतून कुणी चादर नेली आणि पहिल्याच धुण्यात तिचा रंग गेला, तर गिऱ्हाईक आठ दिवसांत परत येतं आणि चार लोकांसमोर बोलतं. अॅप अडकलं की वापरणारा लगेच शिव्या घालतो, रात्रीतून इंजिनिअर ते दुरुस्त करतो, पुढच्या आठवड्यात नवी आवृत्ती येते. या उद्योजकांची सगळी हुशारी अशा तक्रारींवर पोसलेली असते: लवकर बाजारात उतरा, चुका गिऱ्हाईक दाखवेल, आपण सुधारत जाऊ. आता रक्ताचा रिपोर्ट घ्या. एखाद्याचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बिघडली की चढणारा आकडा, २.३ आहे आणि यंत्राने १.१ दाखवलं. तो माणूस खूश होऊन घरी जातो, पाच तारे देतो, शेजाऱ्यालाही पाठवतो. किडनी बसते ती दोन-तीन वर्षांनी, आणि तेव्हा त्या रिपोर्टची आठवणसुद्धा कुणाला नसते. कंपनीकडे तक्रार कधी पोचतच नाही. ज्या एका हत्याराच्या जोरावर हा माणूस मोठा झाला, ते इथे आंधळं आहे. माझी शंका त्याच्या श्रीमंतीवर नाही की तो डॉक्टर नाही यावरही नाही. इथे चूक आपोआप वर येत नाही, ती शोधायला वेगळी यंत्रणा लावावी लागते, तिला पैसा लागतो आणि त्या पैशातून एक रुपयाही परत येत नाही. अशा खर्चावर सर्वांत आधी कात्री चालते.

आमच्याकडे ही यंत्रणा कशी असते ते सांगते. सकाळी सात वाजता पहिल्या पेशंटच्या आधी आम्ही कंट्रोल लावतो, म्हणजे ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे असं सीरम (रक्तातल्या पेशी काढल्यावर उरणारं पाणी) यंत्रात घालतो. आलेला आकडा तक्त्यावर मांडतो. तो ठरलेल्या हद्दीबाहेर गेला तर ती तपासणी त्या दिवशी बंद. शिवाय वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजकडून अनोळखी नमुना येतो, आपलं उत्तर त्यांना कळवायचं, मग देशभरातल्या लॅबमध्ये आपण कुठे बसतो ते ते सांगतात. गेल्या उन्हाळ्यात माझा कॅल्शियमचा कंट्रोल लागोपाठ दोनदा वर गेला. अकरा पेशंटचे रिपोर्ट थांबवले. त्यातले दोघं मोहोळहून आलेले, त्यांची परतीची एसटी चुकली आणि ते माझ्यावर चांगलेच तापले. दुपारी रीएजंटची, म्हणजे तपासणीच्या रसायनाची, बाटली बदलल्यावर आकडा जागेवर आला. ती बाटली तशीच वापरली असती तर त्या अकरा जणांना काहीही कळलं नसतं.

आता थेरानोस या अमेरिकन कंपनीचं. नाव तुम्ही ऐकलं असेल, पण त्यातला आपल्या कामाचा भाग सहसा सांगितला जात नाही. एलिझाबेथ होम्स या मुलीने २००३ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, स्टॅनफर्ड विद्यापीठातलं शिक्षण सोडून ही कंपनी काढली. तुम्हाला दाखवलं जातंय तेच स्वप्न: बोटातले थेंब आणि ढीगभर तपासण्या. २०१३ पासून वॉलग्रीन्स या औषधांच्या साखळी दुकानांत रक्त घेणं सुरू झालं. पुढच्या वर्षी कंपनीची किंमत नऊ अब्ज डॉलर धरली जात होती. संचालक मंडळावर अमेरिकेचे दोन माजी परराष्ट्रमंत्री, जॉर्ज शुल्ट्झ आणि हेन्री किसिंजर. २०१५च्या ऑक्टोबरमध्ये वॉल स्ट्रीट जर्नल या वृत्तपत्राने भांडं फोडलं. स्वतःच्या यंत्रावर मोजक्याच तपासण्या होत होत्या. बाकीच्या बाजारातल्या नेहमीच्या मोठ्या अॅनालायझरवर चालल्या होत्या, आणि बोटातलं रक्त त्यांना पुरत नव्हतं म्हणून ते पातळ करून. २०१६ मध्ये कंपनीने त्या यंत्रावरचे दोन वर्षांचे सगळे रिपोर्ट रद्द केले.

अॅरिझोनातल्या एका गरोदर बाईला या रिपोर्टांवरून गर्भ टिकत नाही असं वाटायला लावलं गेलं. एचसीजी या गरोदरपणातल्या संप्रेरकाचा आकडा एकदम खाली दाखवला होता. तिच्या दवाखान्याने दुसऱ्या लॅबमध्ये तपासलं म्हणून खरं कळलं, आणि पुढे तिला सुखरूप मूल झालं. २०२२च्या जानेवारीत ज्युरीने होम्सला चार आरोपांत दोषी धरलं आणि नोव्हेंबरात तिला अकरा वर्षांहून थोडी जास्त शिक्षा झाली. ते चारही आरोप गुंतवणूकदारांना फसवल्याचे होते. पेशंटना फसवल्याच्या आरोपांतून त्याच ज्युरीने तिला मोकळं केलं. तिचा भागीदार रमेश बलवानी मात्र काही महिन्यांनी पेशंटबाबतही दोषी ठरला. मी हे वाचलं तेव्हा बराच वेळ मला दुसरं काही सुचलं नाही. गुंतवणूकदाराचं नुकसान कागदावर मोजता येतं, वकील ते कोर्टात मांडू शकतो. चुकीच्या आकड्याने माणसाचं काय झालं हे सिद्ध करणं फार कठीण आहे. तुमच्या करारात कंपनीची जबाबदारी किती रुपयांपर्यंत ते लिहिलेलं असेल. ते कलम नीट वाचा.

बोटातलं रक्त वाईटच असतं असं नाही. साखर, मलेरिया, हिमोग्लोबिनचा अंदाज यासाठी ते चालतं, आम्हीही घेतो. अडचण पुढे सुरू होते. रक्ताचा जवळजवळ निम्मा भाग पेशींचा, म्हणजे एका थेंबातून हातात येणारं सीरम अगदी थोडं. त्यात बोट दाबलं की पेशींबाहेरचं पाणी मिसळतं आणि तांबड्या पेशी फुटतात. पेशीच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा कितीतरी पट जास्त असतं, त्यामुळे थोड्या पेशी फुटल्या तरी आकडा चढतो.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका मावशींची गोष्ट. चाळीस वर्षं विड्या वळलेल्या. त्यांच्या वसाहतीत एका कंपनीने तपासणी शिबिर घेतलं. विड्या वळून वळून बोटांची टोकं इतकी घट्ट झालेली की सुई टोचून रक्त येईना, म्हणून रक्त घेणाऱ्या पोराने बोट पिळून पिळून थेंब काढला. संध्याकाळी मुलाच्या मोबाइलवर रिपोर्ट: पोटॅशियम ६.८, ताबडतोब आयसीयूत दाखल करा. हा आकडा खरा असेल तर हृदय बंद पडू शकतं, हे मुलाने नेटवर वाचलं. रात्री साडेनऊला रिक्षातून तो आईला घेऊन माझ्या दारात. मावशी मात्र शांत. “डॉक्टरम्मा, मला काहीच होत नाही हो, हाच रडतोय,” म्हणाल्या. कोपराच्या शिरेतून, दंड फार न आवळता रक्त घेतलं. ४.३. शेजारच्या डॉक्टरांकडे ईसीजी काढला, तोही नॉर्मल. शिबिरातल्या त्या पोराची मला कीव आली. त्याला हे कुणी शिकवलंच नव्हतं, रोज इतके नमुने आणायचे एवढंच सांगितलेलं. कंपनीच्या चकचकीत पत्रकावर ज्या बोटाचा फोटो असतो ते बोट कधी विडी वळलेलं नसतं. तुमचं दुकान विडी घरकुलाकडे, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीकडे, असेल तर हे यंत्र तिथल्या बोटांवर तपासलंय का, एवढं तरी विचारा.

आता त्या ‘साठच्या वर तपासण्यां’बद्दल, कारण माझ्या मते तुमच्या दुकानात सर्वांत जास्त नुकसान त्यातून होईल. रिपोर्टवर जी नॉर्मल रेंज छापलेली असते ती निरोगी माणसांतल्या ९५ टक्क्यांची असते. उरलेले पाच टक्के निरोगीच असतात, पण रेंजबाहेर पडतात. आता ठणठणीत माणसाच्या एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या, तर सगळ्या रेंजमध्ये येण्याची शक्यता फक्त ३६ टक्के. म्हणजे तीनातल्या जवळजवळ दोघांच्या रिपोर्टवर कुठे ना कुठे लाल आकडा येणारच. प्रत्यक्षात काही तपासण्या एकमेकींशी जोडलेल्या असतात म्हणून हे गणित थोडं इकडेतिकडे होतं. पण साठ तपासण्यांत एकही लाल नसलेला रिपोर्ट माझ्या पाहण्यात क्वचितच येतो. तो लाल आकडाच पुढच्या विक्रीचा माल असतो.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत लूमवर जॉबर (माग दुरुस्त ठेवणारा) असलेला एकेचाळीस वर्षांचा माणूस. कुणीतरी स्वस्तात मिळतंय म्हणून पॅकेज घ्यायला लावलं. त्यात सीईए नावाची, कर्करोगात वाढू शकणारी तपासणी घुसडलेली. आकडा ४.१, बाजूला लाल बाण. हा माणूस दिवसाला बंडलभर विड्या ओढतो, आणि ओढणाऱ्यांत सीईए थोडा जास्त असतोच. त्यांच्यासाठी वरची हद्द साधारण ५ धरतात. रिपोर्टवर सगळ्यांसाठी एकच हद्द छापलेली होती. दुसऱ्या दिवशी कॉल सेंटरमधून मुलीचा फोन, कर्करोगतज्ज्ञांची अपॉइंटमेंट बुक करू का? बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. पुण्याला सीटी स्कॅन, मग कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी. काहीच निघालं नाही. तो माझ्याकडे आला तेव्हा सुटल्याच्या आनंदात होता आणि कंपनीने आपल्याला वाचवलं असं त्याला मनापासून वाटत होतं. विड्या सोडा, हे एवढं एकच वाक्य त्याला गरजेचं होतं आणि ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

डॉक्टरांची बाजू घेऊन मी बोलतेय असं वाटू नये म्हणून हेही लिहिते. क्षयासाठी रक्तातल्या अँटीबॉडीची तपासणी वर्षानुवर्षं आमच्यासारख्या खासगी लॅबमध्ये चालायची. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये ती वापरू नका असं स्पष्ट सांगितलं आणि २०१२ मध्ये भारत सरकारने तिच्यावर बंदी घातली, कारण ती बरोबर निदान करतच नव्हती. ती मीही केली आहे. डॉक्टर लिहून पाठवायचे, मी करायची, पैसे घ्यायची. त्यातल्या किती जणांनी क्षय नसताना सहा महिने गोळ्या खाल्ल्या आणि किती जण क्षय असून तसेच राहिले, याचा हिशोब माझ्याकडे नाही. ती सल माझ्या मनातून जात नाही. कट प्रॅक्टिस, म्हणजे पेशंट पाठवल्याचं कमिशन, तर तुम्ही काउंटरमागून रोज बघता. लोकांचा आमच्यावरचा विश्वास आम्हीच घालवला, म्हणून तर मोबाइलवरच्या दरपत्रकाकडे लोक धावतात. बाहेरचा माणूस येऊन दर उघड करतो, रिपोर्ट वेळेवर देतो, हे चांगलंच आहे. मीही त्यानंतरच दरपत्रक भिंतीवर लावलं.

आणि बाहेरच्याला हे जमतच नाही असंही नाही. गूगलने २०१४ मध्ये अश्रूंतली साखर मोजणारी लेन्स जाहीर केली, पुढे ते काम व्हेरिली या भगिनी कंपनीकडे गेलं. अश्रूतली साखर रक्तातल्या साखरेशी जुळत नाही असं आढळल्यावर २०१८ मध्ये त्यांनी ते काम थांबवलं आणि तसं सांगितलं. लेन्स कुणाला विकली नाही. अॅमेझॉन, बर्कशायर हॅथवे आणि जेपी मॉर्गन या अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांनी २०१८ मध्ये एकत्र येऊन बारा लाख कर्मचाऱ्यांच्या उपचारांचा खर्च आटोक्यात आणायचं ठरवलं. प्रमुख म्हणून अतुल गावंडे, म्हणजे वडिलांकडून आपल्याच महाराष्ट्रातले, नावाजलेले सर्जन. पैसा होता, माणूस सच्चा होता. तीन वर्षांत गाशा गुंडाळला. या दोन्हींना मी नावं ठेवणार नाही. जमलं नाही, बंद केलं, कुणाच्या जिवाशी खेळ झाला नाही. आपल्याकडचं ट्रूनॅट बघा: बंगळूर-गोव्याच्या अभियंत्यांनी बनवलेलं, बॅटरीवर चालणारं, क्षयाचं निदान करणारं यंत्र. देशातल्या संस्थांनी ते तपासलं, २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मान्यता दिली. आज ते सरकारी दवाखान्यांत आहे आणि माझा त्यावर भरवसा आहे.

पुरावा म्हणजे काय ते बघायला आपल्याला लांब जायची गरज नाही. बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ मध्ये शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासण्या एकमेकींशी ताडून बघितल्या. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. आठ वर्षं पाठपुरावा, गावोगाव जाऊन. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आला: हा कर्करोग करणाऱ्या एचपीव्ही विषाणूची एकच तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. तपासणी न झालेला गट ठेवला यावर पुढे टीका झाली आणि त्या टीकेत तथ्य आहे. तरीही ‘ही तपासणी जीव वाचवते’ म्हणायला काय लागतं ते त्यातून समजतं. तुमच्या कंपनीच्या प्रतिनिधीला विचारा की असं काही कुठे छापून आलंय का. तो डाउनलोडचा आकडा दाखवेल. डाउनलोड किती झाले यावरून पोटॅशियम बरोबर आलं की नाही ते कळत नाही.

एआयच्या स्क्रीनबद्दल मी थोडंच बोलते, तो माझा प्रांत नाही. मधुमेह्यांच्या डोळ्यांचा पडदा तपासणारी गूगलची प्रणाली चाचण्यांत उत्तम ठरली होती. थायलंडच्या साध्या दवाखान्यांत नेली तेव्हा अपुऱ्या उजेडामुळे पाचातला एक फोटो तिने नाकारला आणि लोकांना उगाच दुसरीकडे पाठवावं लागलं. आपल्याकडे मे महिन्यात ४३-४४ अंश, त्यात वीज जाते. यंत्र किती तापमानापर्यंत चालतं ते लेखी घ्या. आणि नमुना तुमच्याच दुकानात तपासला जाणार की रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला जाणार, हेही. पेशी वेगळ्या न करता ठेवलेल्या रक्तातली साखर तासाला पाच-सात टक्क्यांनी घटते, उन्हाळ्यात त्याहून वेगाने. साखर टिकवणारं रसायन असलेली ग्रे टोपीची ट्यूब नसेल तर मधुमेही माणूस पुण्याला पोचेपर्यंत कागदावर बरा झालेला असतो.

राहिला पैशाचा प्रश्न. ही मंडळी स्वतःच्या पैशाबरोबर गुंतवणूकदारांचाही पैसा आणतात आणि त्यांना ठरावीक वर्षांत परतावा हवा असतो. पाच वर्षांपूर्वी माझ्या लॅबपासून दोन चौकांवर एका कंपनीचं कलेक्शन सेंटर होतं. माझ्या निम्म्या दरात तपासण्या, घरी येऊन रक्त नेणार, वर्षभराचं पॅकेज आगाऊ. दीड वर्षात त्या भागातल्या दोन छोट्या लॅब बंद पडल्या. त्यातली एक तीस वर्षं चाललेली होती. मग एका सोमवारी सेंटरचं शटर उघडलंच नाही. पॅकेजचे पैसे भरलेले लोक दोन-तीन दिवस येऊन कुलूप बघून जायचे. रक्त काढणाऱ्या दोन मुलांचा तीन महिन्यांचा पगार बुडाला, त्यातली एक आज माझ्याकडे आहे. अॅप बंद पडलं तसे लोकांचे जुने रिपोर्टही गेले. एका आजोबांच्या पीएसएचे, म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीवर नजर ठेवणाऱ्या रक्ततपासणीचे, तीन वर्षांचे आकडे त्यात होते. तो वाढतोय की स्थिर आहे हे कळायला तेच तर लागतात. आम्हाला पहिल्यापासून मोजायला लागलं.

माहिती कधी नाहीशी होते, तर कधी विकायला निघते. अमेरिकेतली ट्वेन्टीथ्री अँड मी ही थुंकीवरून जनुकं तपासणारी कंपनी २०२५च्या मार्चमध्ये दिवाळखोरीत गेली तेव्हा दीड कोटी लोकांची जनुकीय माहिती तिच्या मालमत्तेत होती. शेवटी कंपनीच्या संस्थापिकेच्याच संस्थेने ती घेतली. पण मधल्या काळात ती कुणाच्या हातात जाईल हे त्या दीड कोटी माणसांच्या हातात नव्हतं.

सही करावी का? आज करू नका. आधी कंपनीकडून लेखी मागा: रिपोर्टवर सही कोणत्या पॅथॉलॉजिस्टची, तो बसतो कुठे, आणि त्याला फोन लावला तर तो उचलतो का. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केलंय की रिपोर्टवर पॅथॉलॉजीतली पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी. कंट्रोलचे गेल्या तीन महिन्यांचे तक्ते मागा. कंपनी बंद पडली तर अनामत कोण देणार आणि रिपोर्ट कुठे मिळणार, तेही करारात येऊ द्या. यंत्रातल्या चुकीचं खापर दुकानदारावर फोडणारं कलम असेल तर वकिलाला दाखवा.

आणि एक काम आपण दोघांनी करू. दहा माणसं गोळा करा. त्यातली चार तरी विडी किंवा लूमवरची असू द्या. प्रत्येकाचं बोटातलं रक्त त्यांच्या यंत्रावर, त्याच वेळी शिरेतलं माझ्याकडे आणि एनएबीएल या लॅब तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या दुसऱ्या एखाद्या लॅबमध्ये. त्यातल्या तिघांचं रक्त त्यांच्या यंत्रावर वेगळ्या नावाने पुन्हा. पोटॅशियम, क्रिएटिनिन, कॅल्शियम आणि हिमोग्लोबिन एवढे चारच आकडे ताडून बघू. माझ्या लॅबचा खर्च मी करेन आणि माझा आकडा चुकीचा निघाला तर तोही तुम्ही सगळ्यांना सांगा. कंपनीच्या प्रतिनिधीला हे सांगून बघा. तो तयार झाला तर कुठल्याही रविवारी सकाळी मी स्वतः तुमच्या दुकानात रक्त काढायला येते.